साष्टीची गावं उपनगरं कशी झाली? आपल्या भागाचा इतिहास कागदांवरून लावायची रीत

बांधावरून (धागाकर्ता)

उपनगराचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण स्टेशनपासून सुरुवात करतात. अमुक साली गाडी आली, वस्ती वाढली, शाळा निघाली, संपलं. मला ही मांडणी अपुरी वाटते. रूळ १८५३ साली साष्टीतून (मुंबई बेटाच्या उत्तरेचं मोठं बेट, ज्यावर आजची उपनगरं आणि ठाणे आहे) ठाण्याला पोचले, पण भांडुप-नाहूरची खाचरं त्यानंतरही कित्येक दशकं भातालाच होती. शेतजमिनीचा प्लॉट कधी झाला, कोणी पाडला, रस्ता कोणाच्या जमिनीतून गेला, हे जमिनीच्या कागदांतच सापडतं. म्हणून हा धागा. प्रत्येकाने आपल्या गल्लीपासून सुरुवात करावी आणि मागे मागे जावं.

पहिला कागद मिळकत पत्रिका, म्हणजे बोलीतलं प्रॉपर्टी कार्ड. सोसायटीच्या कपाटात नसेल तर सीटीएस नंबर (नगर भूमापनात प्रत्येक तुकड्याला दिलेला क्रमांक) देऊन नगर भूमापन कार्यालयातून काढा. त्यावर क्षेत्र, धारणाधिकार आणि मूळ धारकाचं नाव वरच्या भागात असतं. खाली व्यवहारांचा तक्ता असतो: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, साक्षांकन. इतिहासाच्या दृष्टीने वरचा भाग महत्त्वाचा, कारण नगर भूमापन झालं तेव्हा जमीन कोणाच्या नावावर होती ते तिथे कळतं. नवी पत्रिका संगणकीय असेल तर जुनी हाताने लिहिलेलीही मागा. नव्यात मधल्या नोंदी गाळलेल्या असू शकतात.

दुसरी पायरी चौकशी नोंदवही. नगर भूमापनाच्या वेळी प्रत्येक तुकड्याची चौकशी झाली होती, तिथे सीटीएस नंबरासमोर जुना सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर मिळतो. हा दुवा हातात आला की फेरफाराची, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदींची, दारं उघडतात.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते गावाच्या नावावर. महसुली गाव आणि स्टेशनचं नाव एक नसतं. कालिना-वाकोल्याचा बराच भाग महसुली दप्तरात कोले कल्याण आहे. जोगेश्वरी पूर्वेला माजास, घाटकोपर-विद्याविहारकडे किरोळ, विक्रोळीकडे हरियाली, बोरिवली पूर्वेला मागाठाणे, गोरेगावला पहाडी. 'जोगेश्वरी' म्हणून अर्ज केला तर 'अभिलेख आढळून येत नाही' असा शेरा येतो आणि माणूस समजतो की कागद नष्ट झाले. कागद असतात. गाव चुकलेलं असतं.

---

रूळजोड

धागा उत्तम. रेल्वे अपुरी ठरते हे मान्य, पण रेल्वेच्या तारखा नीट लावल्या तर त्याही बरंच सांगतात. मुंबई-ठाणे १६ एप्रिल १८५३, तिथून कल्याण १ मे १८५४. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईला दिवसाची एक गाडी. त्या गाडीच्या थांब्यांमध्ये पहाडी आहे, पांजू आहे, आजच्या गजबजलेल्या कित्येक स्टेशनांचा मात्र पत्ता नाही. दिवसाला एका गाडीवर कोणी रोजची नोकरी करू शकत नाही. त्यामुळे त्या काळात उपनगरात दोनच प्रकारचे लोक दिसतात, मूळचे गावकरी आणि हवापालटासाठी बंगला बांधणारे धनिक.

उपनगर घडवलं ते फेऱ्यांच्या संख्येने, आणि ती वाढली विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर-कुर्ला मार्गावर हार्बरची पहिली विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा-बोरिवली, १९३६ मध्ये विरारपर्यंत. वाफेचं इंजिन शेवटच्या स्टेशनात सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं, वर पाणी-कोळसा भरायचा. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, गाडी तशीच उलटी निघते. शिवाय ती झटकन वेग घेते, म्हणून जवळजवळ असलेले थांबे परवडतात. त्याच रुळांवर कितीतरी जास्त फेऱ्या बसल्या.

तेव्हा स्टेशन उघडल्याची तारीख लिहा, पण तिच्या शेजारी त्या मार्गावर वीज कधी आली ती तारीखही लिहा. तुमच्या फेरफारातले बिनशेतीचे हुकूम दुसऱ्या तारखेभोवती दाटलेले दिसतील.

---

पाणवठा

रूळजोड, +१. पण वीज येण्याआधीही एक धक्का बसला होता, १८९६ चा प्लेग. लोक मुंबई बेटातून बाहेर पळाले. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंगा-वडाळा-शीवकडे मोठ्या योजना आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याचीच फळं. रुंद रस्ता, मधे बाग, इमारतीभोवती मोकळी जागा, ठरावीक उंची. ही जागा बेटाच्या हद्दीत असली तरी आपण ज्याला उपनगरी राहणी म्हणतो तिचा पहिला आराखडा इथेच तयार झाला. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला.

साष्टीच्या जुन्या गावठाणांत प्लेगची खूण आजही उभी आहे. वांद्रे, कालिना, वाकोला भागांत हिंडलात तर गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. बरेचसे त्या साथीच्या काळात रक्षणासाठी उभारलेले आहेत. चौथऱ्यावर साल कोरलेलं असतं, पण रंगाचे थर चढून अक्षरं बुजतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा, कोरलेल्या खाचांत सावली पडते आणि आकडे वाचता येतात. दगड घासू नका, खडू फासू नका.

आणि पाणी. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही साष्टीत. पाणी मात्र बेटासाठी. साष्टीतली गावं विहिरींवरच होती. जुन्या नकाशात विहिरी जिथे दाट, तिथेच पहिल्या वाड्या आणि पहिले बंगले सापडतात. नळ कधी आला ते वर्ष प्रत्येक भागासाठी वेगळं शोधावं लागेल.

---

गुंठा_आणे

फेरफार काढणाऱ्यांसाठी.

गाव नमुना ६ ची जुनी वही उघडली की चार रकाने दिसतात: नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले सर्वे व हिस्सा नंबर, आणि शेवटी तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. सगळी गोष्ट दुसऱ्या रकान्यात असते: 'अमुक तारखेच्या नोंदणीकृत खरेदीखताने', 'मयत झाल्याने वारस', 'कोर्टाच्या हुकुमाने'. पण आधी चौथा रकाना बघा. तिथे 'मंजूर' किंवा 'प्रमाणित' आणि सही-तारीख नसेल, तर ती नोंद पक्की नाही. 'नामंजूर' शेरा असलेल्या नोंदीवरून लोकांनी मालकीची वंशावळ लिहिलेली पाहिली आहे.

हाताच्या जुन्या सातबाऱ्यावर नावाला कंस केलेला असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. नावाजवळच्या वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार नंबर. पेन्सिलीने लिहिलेलं कच्चं समजावं. या तीन गोष्टी कळल्या की पान वाचता येतं.

मापांत हमखास चूक होते. जुन्या कागदावर '२-२५' म्हणजे २ एकर २५ गुंठे. सव्वादोन एकर नव्हे. एकरात ४० गुंठे, म्हणजे हे १०५ गुंठे झाले. गुंठा १०१.१७ चौरस मीटर धरला तर सुमारे १०,६२३ चौ.मी. दशांश समजून वाचलं तर ९० गुंठे, सुमारे ९,१०५ चौ.मी. दीड हजार मीटर जमीन हवेत गेली! नव्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौ.मी. असतं: ०-१२-३० म्हणजे १२ आर ३० चौ.मी., एकूण १,२३० चौ.मी. प्लॉटच्या जाहिराती आणि जुनी खरेदीखतं चौरस वारात. गुंठ्याला १२१ चौ. वार, म्हणजेच १,०८९ चौ. फूट.

क्षेत्र दोन नोंदींत जुळत नसेल तर लगेच घोटाळा समजू नका. आधी कमी-जास्त पत्रक मागा. रस्त्यात गेलेलं, बिनशेती झालेलं, मोजणीत फरक पडलेलं क्षेत्र त्यात धरलेलं असतं.

---

बांधावरून

गुंठा_आणे, हे फार कामाचं. एक भर घालतो. साष्टीत फेरफाराची साखळी बऱ्याचदा १९५१ च्या आसपास अडखळते. त्याआधी कित्येक गावं इनामी-खोती होती, म्हणजे गावच्या जमिनीचा हक्क एका इनामदाराकडे किंवा खोताकडे. १८३० मध्ये बैरामजी जीजीभॉय यांना सात गावं मिळाली, तशीच इतरही इस्टेटी होत्या. अशा गावांत शेतकरी खोताचा कूळ. १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने या इस्टेटींची महसूलमाफी रद्द झाली. वर कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

त्यामुळे १९५० च्या दशकातल्या नोंदी सर्वात दाट असतात आणि घाईने वाचल्या तर सर्वात फसव्या. त्या दहा वर्षांत एकाच सर्वे नंबरावर इस्टेटीचं नाव, कुळाचं नाव, मग विकासकाचं नाव असा क्रम लागतो. मधली पायरी गाळलीत तर 'खोताने बिल्डरला जमीन विकली' असं चुकीचं वाक्य तयार होतं आणि शेत कसणारी आगरी, कोळी, ईस्ट इंडियन, कुणबी घराणी इतिहासातून पुसली जातात. म्हणून सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यातलं कुळाचं नाव न चुकता उतरवून घ्या.

---

नवी_वाट

आमच्या भागात सीटीएस नंबराबरोबर 'एफ.पी. नंबर, टीपीएस' असंही लिहिलेलं आहे. हा वेगळा सर्वे का? आणि जुन्या सर्वे नंबराशी क्षेत्र अजिबात जुळत नाही.

---

आखणीदार

नवी_वाट, ती नगररचना योजना, टीपीएस म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली वांदऱ्यापासून सुरू झाली, पुढे १९५४ चा कायदा आला आणि आता १९६६ चा. सर्वे वेगळा नाही, जमिनीची फेरवाटणी आहे. क्षेत्र न जुळणं हेच तिचं लक्षण.

शेतजमिनीचे तुकडे वेडेवाकडे असतात, कित्येकांना रस्ता नसतो. योजनेत सगळे तुकडे कागदावर एकत्र केले जातात, रस्ते, बाग, शाळेची जागा काढली जाते आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट पाडून मूळ मालकांनाच परत दिली जाते. आधीचा तो मूळ भूखंड, ओ.पी. परत मिळालेला तो अंतिम भूखंड, एफ.पी. समजा मूळ भूखंड ४,००० चौ. वार होता आणि योजनेत ३० टक्के जमीन रस्त्या-बागेला गेली, तर हातात २,८०० चौ. वार येतात. पण ते रस्त्यावरचे, सरळ बाजूंचे, बांधता येण्याजोगे. किंमत वाढते. त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून सुधार-अंशदान म्हणून घेता येते आणि त्यातून रस्ते-गटारं होतात.

तुम्हाला हवा तो कागद म्हणजे त्या योजनेचा 'बी फॉर्म'. एकाच ओळीत मूळ मालक, धारणाप्रकार, ओ.पी. नंबर व क्षेत्र, एफ.पी. नंबर व क्षेत्र, भरपाई आणि अंशदान. सोबत योजनेचा नकाशा मागा. जुन्या हद्दी आणि नव्या हद्दी दोन वेगळ्या रंगांत असतात. तो नकाशा आजच्या गल्लीवर धरलात की कोणता रस्ता कोणाच्या खाचरातून गेला ते बोट ठेवून दाखवता येतं. महापालिकेच्या विकास नियोजन विभागात अर्ज करताना गावाच्या नावापुढे योजनेचा क्रमांक लिहाच. एकेका गावात अनेक योजना आहेत आणि प्रत्येकीत एफ.पी. १ पासून सुरू होतो.

चुकतं कुठे? योजना जाहीर व्हायची एका दशकात आणि अंतिम व्हायची दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. मधे जमीन विकली गेली तर बी फॉर्मवर जुनाच मालक राहतो. म्हणून बी फॉर्म आणि त्याच काळातले फेरफार एकमेकांशेजारी ठेवूनच वाचा.

---

नवी_वाट

आता जुळलं. धन्यवाद! इमारतीचं वय कशावरून ठरवायचं?

---

चौथा_मजला

सोसायटीच्या नोंदणी क्रमांकावरून सुरुवात करा. 'बॉम/एचएसजी/…' आणि शेवटी साल, ही जुनी धाटणी. पुढे त्यात विभागाचं अक्षर आलं आणि नंतर 'बॉम'च्या जागी 'एमयूएम'. मधे 'टीओ' असेल तर भूखंड सोसायटीचा आणि घरं सभासदांनी आपापली बांधलेली, म्हणजे बहुधा बंगल्यांची सोसायटी. 'टीसी' असेल तर इमारत सोसायटीची, सभासद गाळ्याचे हक्कदार. एखाद्या टीओ सोसायटीच्या भूखंडांवर आज सात मजली इमारती असतील तर तिथे बंगल्यांची पिढी होऊन गेलेली आहे, तिचे फोटो शोधा.

नोंदणीचं साल म्हणजे बांधकामाचं साल नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. बिल्डरने बांधलेल्या इमारतीत लोक आधी राहायला येतात, सोसायटी नंतर. कधी दहा-दहा वर्षांनी. बांधकामासाठी आयओडी (आराखड्याची अटींसह मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (राहायला येण्याचा दाखला) यांच्या तारखा बघायच्या, ओसी नसेल तर मालमत्ता कराची पहिली आकारणी.

ही सगळी पद्धत कुठून आली तेही लिहितो, कारण उपनगराचं रूप त्यानेच ठरलं. सहकारी घरबांधणीचा पहिला प्रयोग गावदेवीच्या सारस्वत सोसायटीचा, १९१५. वांदऱ्याची साल्सेट कॅथलिक सोसायटी १९१८ ची. दोन्हींत एका समाजाचे नोकरदार एकत्र येऊन, वर्गणी काढून जमीन घेत होते. बाकी मुंबई भाड्याने राहायची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी चाळ बांधण्यात कोणाला पैसे घालावेसे वाटेनात. मग मालकीचे ब्लॉक आले. व्यवहारांत फसवणूक वाढली तेव्हा १९६३ चा ओनरशिप फ्लॅट कायदा आला. साष्टीतल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतींची लाट याच काळातली.

त्या कायद्यात बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची होती, बऱ्याच ठिकाणी झालीच नाही. म्हणून मिळकत पत्रिकेवर आजही जुन्या जमीनमालकाचं नाव दिसतं. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, सोय झाली. सोसायटीने ते केलं असेल तर त्या फाइलमध्ये सगळे जुने कागद एकत्र बांधलेले मिळतात. सचिवांना आधी तीच फाइल विचारा!

---

शिरगणती

लोकसंख्येचे आकडे देताना हद्द तपासा, कळकळीची विनंती. मुंबई उपनगर जिल्हा पहिल्यांदा १९२० मध्ये झाला. १५ एप्रिल १९५० ला महापालिकेची हद्द अंधेरी-भांडुपच्या टप्प्यापर्यंत वाढली, १ फेब्रुवारी १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणून १९५१ च्या बृहन्मुंबईसाठी दोन आकडे फिरतात, २८.३९ लाख आणि २९.९४ लाख. पहिला तेव्हाच्या हद्दीचा, दुसरा नंतरच्या हद्दीला जुळवून घेतलेला. १९६१ च्या ४१.५२ लाखांशी तुलना करायची तर दुसराच घ्यावा लागेल. आजचा उपनगर जिल्हा १९९० चा.

खरी गोष्ट पुढच्या आकड्यांत आहे. २००१ ते २०११ मध्ये शहर जिल्हा ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरला, उपनगर ८६.४० वरून ९३.५७ वर गेलं. शहर आकसतंय आणि तरी 'मुंबई' वाढतेय.

---

खाडीपलीकडे

साष्टीचं चाललंय ते ठीक, पण डोंबिवली-कल्याणच्या मंडळींनी ही रीत जशीच्या तशी लावू नये. मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर कागदांचे ताबेदार वेगळे. ग्रामपंचायत असताना घराची आकारणी नमुना ८ च्या वहीत. नगरपालिका झाल्यावर तिच्या कर विभागात. मग महापालिका: ठाणे १९८२, कल्याण-डोंबिवली १९८३, नवी मुंबई १९९२, मीरा-भाईंदर २००२, वसई-विरार २००९. दर बदलाला दप्तर हलतं आणि हलताना काही गठ्ठे मागे राहतात. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं तर २००२ ला बाहेर पडली आणि २०१५ ला परत आत आली. मधल्या तेरा वर्षांची आकारणी ग्रामपंचायतीच्या वह्यांतच शोधायला हवी. नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही, एवढं भान ठेवा.

वाढ उशिरा आणि एकदम का झाली याचं कारणही वेगळं. १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याने शहरातल्या मोठ्या जमिनी अडकल्या, त्या २००७ पर्यंत. जमीन महाग झाली आणि मध्यमवर्ग रुळाच्या पुढच्या टोकाकडे सरकला. उल्हासनगरचा मात्र पायाच निराळा: फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीला हे नाव मिळालं. तिथे सर्वे नंबरापेक्षा बराक नंबर आधी शोधावा लागतो.

---

पाणवठा

एक राहिलं. माणसं जमली पण समाज कधी झाला, हे जमिनीच्या कागदात नसतं. त्यासाठी शाळा, ग्रंथालय, सेवासंघ यांची स्थापनावर्षं घ्या. पार्ल्यात टिळक विद्यालय १९२१, लोकमान्य सेवा संघ १९२३. विजेची गाडी १९२८ ची. म्हणजे पार्लेकर वीज येण्याआधीच मुलांना शाळेत घालून तिथे रुजले होते. रूळजोड, तुमच्या नियमाला हा अपवाद आहे.

---

रूळजोड

अपवाद मान्य. शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं तर आणखी नेमकं कळेल. त्यात मुलाचं जन्मगाव आणि आधीची शाळा असते. नावं उतरवू नका, फक्त वर्षवार गावांची मोजदाद करा. १९२१ ते १९३५ ची पानं पुरेत. गिरगावातून आलेली किती, कोकणातून थेट आलेली किती, हे १९२८ च्या आधी आणि नंतर वेगवेगळं मांडा.

---

बांधावरून

हे लगेच करण्यासारखं आहे. ज्यांच्या भागात जुनी शाळा आहे त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात 'केवळ जन्मगावांची संख्या, नावं नाहीत' असं स्पष्ट लिहावं. तक्ता असा ठेवू: वर्ष, एकूण प्रवेश, जन्मगाव मुंबई बेट, साष्टी, कोकण, देश, इतर. बी फॉर्म मिळालेल्यांनी महसुली गावाचं नाव आणि योजना क्रमांक इथे टाका. एकच योजना दोघांनी काढायला नको.